पाव सेकंद

सोमवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या घड्याळजींनी इंटरनेटवर एक साधा प्रश्न विचारला. मंगळवारी सकाळपर्यंत त्याला सत्तेचाळीस उत्तरं आली होती. ती सगळी वाचून काढल्यावर, रविवारी आपल्याला जेवढं कळत होतं तेवढंही आता कळत नाही, असं घड्याळजींच्या लक्षात आलं.

प्रश्न काही फार खोल नव्हता. 'घरच्या घरी वादन रेकॉर्ड करण्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं? वाद्यं दोन, व्हायोलिन आणि माउथ ऑर्गन. मी या कामात नवा आहे. हातात तीन रविवार आहेत.' 'घरगुती रेकॉर्डिंग मंडळ' नावाच्या त्या ठिकाणी ठिकठिकाणची हौशी माणसं आपापल्या अडचणी मांडत आणि दुसरी हौशी माणसं त्या सोडवत, निदान सोडवायला बसत. खऱ्या नावानं तिथं कुणीच वावरत नव्हतं. 'काळी चार' नावाच्या गृहस्थांनी पाच मिनिटांत लिहिलं, 'नादयंत्र घ्या. दुसरं काही बघू नका.' त्यावर 'गरम व्हॉल्व्ह' यांनी विचारलं, 'नवशिक्याला नादयंत्र? पोहायला शिकणाऱ्याला एकदम समुद्रात ढकलताय?' काळी चार म्हणाले, 'तुमच्या त्या लहर सॉफ्टवेअरमध्ये निदान डबकं तरी आहे का?' तिथून पुढची एकतीस उत्तरं या दोघांनी एकमेकांना दिलेली होती. सात जणांनी घड्याळजींनाच उलट विचारलं होतं, की खोली केवढी, भिंती कसल्या, छत किती उंच. एकानं नुसतंच 'मलाही हेच विचारायचं होतं' असं लिहिलं होतं. तेवढं एक उत्तर घड्याळजींना पूर्ण समजलं.

"काय म्हणतंय तुमचं मंडळ?" आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं. ती घड्याळांचे चामडी पट्टे शिवायची. तिचं मशीन दुकानामागच्या खोलीत होतं आणि मधल्या दाराला पडदा होता, त्यामुळे दुकानातलं तिला सगळं ऐकू यायचं आणि दिसायचं काहीच नाही.

"भांडतायत."

"तुमच्यावरून?"

"नाही गं. मी आहे हे विसरलेत ते."

तीन रविवारांची भानगड अशी होती. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले तीस वर्षं दर रविवारी सकाळी व्हायोलिन घेऊन घड्याळजींच्या दुकानात यायचे आणि घड्याळजी खिशातून माउथ ऑर्गन काढायचे. तास दीड तास दोघं वाजवायचे. ऐकायला बायको आणि भिंतीवरची घड्याळं. आता चष्मेवाले दुकान बंद करून, दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. त्यांनी स्वतः बांधलेली एक संथ चाल होती. तिला नाव नव्हतं, ती कुठं लिहिलेली नव्हती आणि या दोघांखेरीज जगात कुणाला येत नव्हती. चष्मेवाले गेले की ती चालही जाणार, या विचारानं घड्याळजींना चैन पडेना.

"फोनवरून वाजवा की," असं बायकोनं सुचवून पाहिलं होतं. घड्याळजींनी तेही मंडळाला विचारलं होतं. त्या एका बाबतीत मात्र काळी चार आणि गरम व्हॉल्व्ह यांचं एकमत झालं. 'अशक्य. आवाज पोचायला उशीर लागतो. इकडचा सूर तिकडे पोचेपर्यंत तिकडचा माणूस पुढे गेलेला असतो. नाद सोडा.'

म्हणून रेकॉर्डिंग. घड्याळजींनी दुरुस्तीच्या वहीत तीन सॉफ्टवेअरांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे 'गुण' आणि 'दोष' असे रकाने आखले, तिन्ही उतरवून घेतली आणि नव्या घड्याळाची पाठ उघडावी तशी उघडून बसले. कुठलं बटण काय करतं हे बघण्याची त्यांना फार हौस. गुरुवारपर्यंत त्यांनी स्वतःच्या शिंकेला देवळाएवढा घुमारा देऊन पाहिला, ती उलटी वाजवून पाहिली, आणि बायकोला तीन वेळा पडद्याबाहेर बोलावून ऐकवलीसुद्धा.

"शिंक रेकॉर्ड करायचीय की भावजींचं व्हायोलिन?" बायकोनं विचारलं.

तेव्हा कुठं घड्याळजी भानावर आले. त्याच दिवशी मंडळावर 'मंद आच' नावाच्या कुणीतरी बाईंनी तीन ओळी लिहिल्या. 'तिन्ही चांगली आहेत. अडल्यावर ज्यातलं आपल्याला कुणी समजावून सांगेल ते घ्यावं. मी लहर वापरते आणि दुपारी मला वेळ असतो.' घड्याळजींनी वहीतल्या दोन नावांवर काट मारली. गरम व्हॉल्व्ह यांनी तो आपला विजय समजून मंडळावर जाहीर केला, आणि काळी चार तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पोस्टानं दोन मायक्रोफोन आले आणि ते कॉम्प्युटरला जोडायची एक डबी आली. डबी आल्याबरोबर घड्याळजींनी आधी तिचे स्क्रू काढून आत काय आहे ते पाहिलं.

पहिला रविवार उजाडला. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो, तो वाजवण्याच्या जागेपासून लांब ठेवा, असं मंडळानं बजावलं होतं. म्हणून घड्याळजींनी तो आतल्या खोलीत बायकोच्या मशीनशेजारी नेऊन ठेवला, लांबलचक वायर पडद्याखालून दुकानात आणली, लाल बटण दाबलं आणि धावत येऊन खुर्चीवर बसले. दोघांनी चाळीस मिनिटं जीव ओतून वाजवलं.

"उतरलं असेल रे?" व्हायोलिन पेटीत ठेवत चष्मेवाल्यांनी विचारलं.

"भिंग्या, लाल दिवा होता. लाल दिवा म्हणजे उतरणार."

उतरलं होतं हे खरं. पण सॉफ्टवेअरनं नव्या मायक्रोफोनांकडे ढुंकूनही न पाहता कॉम्प्युटरच्या पोटातला बारीकसा मायक्रोफोन वापरला होता, आणि तो होता शिलाई मशीनशेजारी. त्यामुळे चाळीस मिनिटं घड्याळजींची बायको फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती. सूर अगदी स्वच्छ होता. "...हो गं, जाणार भावजी. यांचं कशात लक्ष नाही. बोलून दाखवणार नाहीत, नुसते बटणं दाबत बसतील. ...वाजवतात ना, ऐक, ऐकू येतंय का? छान वाजवतात. भावजी सगळं सांभाळून घेतात, बिचारे..." मागे कुठंतरी, शेजारच्या गल्लीत वाजावं तसं, व्हायोलिन.

घड्याळजींनी ते मुकाट्यानं बंद केलं. भिंग्या स्वभावानं सांभाळून घेणाराच, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना आणखीच वाईट वाटलं.

'आत कुठला मायक्रोफोन निवडलाय ते आधी बघायचं असतं,' मंद आच यांनी दुसऱ्या दिवशी समजावलं. 'सगळ्यांचं एकदा होतं. माझ्याकडे शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं दोन तासांचं रेकॉर्डिंग आहे. बरं, खोलीत दुसरे काही आवाज आहेत का?'

घड्याळजी खोटं बोलणारा माणूस नव्हे. त्यांनी लिहिलं, 'एकसष्ट घड्याळं.'

 मंडळावर सगळेच एकदम लिहू लागले. गाद्या लावा, रजया टांगा, दुसरीकडे जा, असा भडिमार झाला. काळी चार यांनी अबोला सोडून विचारलं, 'घड्याळं बंद करता येत नाहीत का?' सत्तावीस जणांनी त्याला दुजोरा दिला. मंडळ आजवर इतकं एकदिलानं कधी वागलं नव्हतं.

घड्याळ बंद करायचं म्हणजे घड्याळजींच्या जिवावर आलं. उभा जन्म बंद पडलेली चालू करण्यात गेला. तरी दुसऱ्या रविवारी सकाळी ते शिडी घेऊन उभे राहिले आणि एकेका लंबकाला बोट लावत, एकेका टेबल घड्याळाची कळ दाबत गेले. शेवटी उरलं दर्शनी काचेतलं उंच घड्याळ. ते घड्याळजींच्या वडिलांच्या हातचं होतं. माणसाच्या उंचीचं, हातभर लंबकाचं, सेकंदाला एक ठोका देणारं. त्याचाही लंबक त्यांनी धरला, आणि दुकानात अशी शांतता पसरली की आतून बायको बाहेर आली.

"काय झालं?"

"काही नाही. रेकॉर्डिंग."

"मला वाटलं कान गेले."

चष्मेवाल्यांनी व्हायोलिन जुळवलं, घड्याळजींनी माउथ ऑर्गन ओठाला लावला, लाल दिवा लागला, आणि दोन ओळी होतात न होतात तोच दारावर थाप पडली. शेजारचा बेकरीवाला होता. चेहरा पडलेला, हातात एक मोठा पाव. दार घड्याळजींनीच उघडलेलं पाहून तो दोन पावलं मागे सरला.

"तुम्हीच?"

"मीच. का?"

"नाही... सगळी घड्याळं थांबलेली दिसली. म्हटलं, वहिनींना भेटून यावं."

त्याला चहा देऊन वाटेला लावतात तो फुलवाली आली. तीही आधी आत डोकावली, घड्याळजींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मागे लपवलेली फुलं तशीच परत घेऊन गेली. मग समोरच्या थांब्यावर गलका उठला. तिथले बस सोडणारे साहेब गेली कित्येक वर्षं काचेतलं घड्याळ बघून साडेदहाची बस सोडायचे. त्यांचं स्वतःचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला घड्याळजींकडेच पडलं होतं. काचेत दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती आणि तेवढीच राहिली होती, म्हणून साहेब बस सोडत नव्हते. बसमध्ये बसून उतारू त्यांचा उद्धार करत होते.

"साडेदहा वाजल्याशिवाय मी शिट्टी मारणार नाही," साहेब दुकानाच्या पायरीवरून सांगत होते.

"अहो, अकरा वाजत आले!"

"तुमच्या घड्याळात वाजले असतील. मी ह्यांच्या घड्याळावर चालतो."

त्यामागोमाग बेकरीवाला पुन्हा आला. आता त्याचा चेहरा पडलेला नव्हता, लाल झाला होता. काचेतल्या घड्याळाकडे बघत त्यानं भट्टीत ठेवलेला दुसरा घाणा काळाठिक्कर झाला होता.

घड्याळजींनी हात टेकले. साठ घड्याळं बंदच ठेवून त्यांनी काचेतल्या उंच घड्याळाचे काटे नीट लावले आणि लंबक सोडला. ठोका ऐकू आल्याबरोबर समोर शिट्टी वाजली, बस गेली आणि रस्ता गार पडला. मग दोघांनी ती संथ चाल सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवली. एका मायक्रोफोनमध्ये व्हायोलिन, दुसऱ्यात माउथ ऑर्गन आणि दोन्हींत घड्याळाचे ठोके. सहा मिनिटं. कुणी आलं नाही.

"आता झालं," चष्मेवाले म्हणाले. "पुढच्या रविवारी माझं सामान बांधून झालेलं असेल. येईन तसा, पण दुपारची गाडी आहे."

"तू फक्त ये. तोवर मी हे झकपक करून ठेवतो."

झकपक करण्याचा तो आठवडा घड्याळजींच्या आयुष्यातला मोठा सुखाचा. सकाळी दोन घड्याळं दुरुस्त करायची, आणि दुपारी मंद आच यांच्याकडून धडे घ्यायचे. आवाज पडद्यावर डोंगरासारखा दिसतो, हे पाहून ते थक्क झाले. डोंगर मोठा करता येतो, त्याला चिमटीत धरून मागेपुढे सरकवता येतं, हे कळल्यावर ते जेवायला उठेनात. आणि बुधवारी त्यांना आनंदाचा धक्काच बसला.

"अगं ए, बाहेर ये! ह्याच्यात घड्याळ आहे!"

होतंच. ठरावीक वेगानं टिकटिक करणारी एक सोय, आणि तिच्या मापानं पडद्यावर आखलेल्या उभ्या रेघा. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, म्हणजे खरोखरच लावलं, आणि पडद्याशी नाक नेऊन दोन्ही वाद्यांचे डोंगर तपासले. तपासता तपासता त्यांचा चेहरा गंभीर होत गेला. व्हायोलिनचा सूर आधी उठत होता आणि माउथ ऑर्गनचा मग. एका ठिकाणी नव्हे, जागोजागी.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

घड्याळजींनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "भिंग्या घाई करतो."

"कोण?"

"भिंग्या. पाव सेकंद पुढे धावतोय. दरवेळी. तीस वर्षं वाजवतोय आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही बघ."

बायको काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि "मशीनमध्ये दोरा अडकलाय" म्हणून आत गेली.

घड्याळजींना मित्राची दया आली. चष्म्याच्या धंद्यातला माणूस, त्याला वेळेचं काय कळणार? सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. जाताना माणसाला दुखवू नये. आपण गुपचूप दुरुस्त करून द्यावं, त्याला वाटेल आपण असेच वाजवतो. ते कामाला लागले आणि व्हायोलिनचा एकेक डोंगर चिमटीत धरून पाव पाव सेकंद मागे ओढू लागले. गुरुवार संपला तेव्हा दोनशे ऐंशी डोंगर सरकले होते. ऐकलं तर एकाच्या जागी दोन व्हायोलिनं. सरकवलेलं एक, आणि माउथ ऑर्गनच्या मायक्रोफोनमध्ये शिरलेलं, न सरकणारं दुसरं. त्याच्या जोडीला घड्याळाचे ठोकेही दुप्पट झाले होते. चारपायी जनावरानं जिना उतरावा तशी ती संथ चाल चालली होती.

'मित्र घाई करतो,' त्यांनी मंडळावर लिहिलं. 'फार चांगला माणूस आहे. त्याला न कळता मागे कसं ओढावं?' आणि मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं सोबत जोडलं.

शुक्रवारी दुपारी मंद आच यांचं उत्तर आलं. त्या नेहमी तीन ओळी लिहायच्या. आज जास्त होत्या. 'मी दोन्ही मायक्रोफोनांतलं ऐकलं. चार वेळा ऐकलं, कारण सुंदर आहे. तुमच्या मागच्या त्या ठोक्यांचं मात्र मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. ते काढू नका, तेच तुमचं माप आहे. व्हायोलिन ठोक्यावर ठोका धरून चाललंय, केसाएवढा फरक नाही. माउथ ऑर्गन पाव सेकंद उशिरा येतो. ओळीच्या शेवटी बघा. व्हायोलिन शेवटचा सूर एक ठोका जास्त लांबवतं, माउथ ऑर्गन पोचला की मगच पुढची ओळ उचलतं. प्रत्येक ओळीला. तुमचा मित्र घाई करत नाही. तो तुमच्यासाठी थांबतो.'

घड्याळजींनी ते दोनदा वाचलं. मग उठून त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की काचेतल्या घड्याळावर संशय घेतला. वडिलांच्या हातचं असलं म्हणून काय झालं, यंत्रच ते. शनिवारचा अख्खा दिवस ते रेडिओवरची वेळ आणि घड्याळाचा काटा ताडून पाहत बसले. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एका सेकंदाचा फरक नाही. घड्याळ बरोबर होतं. व्हायोलिन घड्याळाबरोबर होतं. ज्याच्या वेळेवर बस सुटते आणि पाव भाजतात, तो माणूसच तेवढा मागे होता.

"तुला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"लग्नानंतर पहिल्या रविवारपासून," ती पट्ट्याला भोकं पाडत म्हणाली. "तुम्ही 'हो' म्हणायलाही तेवढाच वेळ लावला होतात."

घड्याळजींनी शेवटचा उपाय करून पाहिला. व्हायोलिनचे डोंगर जागेवर नेऊन ठेवले आणि स्वतःचे पाव पाव सेकंद पुढे आणले. पहिल्या ओळीपुरतंच, त्यात शिरलेलं व्हायोलिन जमेल तेवढं दाबून, पण ऐकून त्यांनी ते लगेच बंद केलं. व्हायोलिन ओळीच्या टोकाला जाऊन आपलं उभं राहत होतं. केव्हाच घरात येऊन बसलेल्या माणसाची कुणी दारात वाट बघत राहावी, तसं.

तिसऱ्या रविवारी चष्मेवाले आले ते हातात व्हायोलिनची पेटी घेऊन आणि अंगात प्रवासाचा कोट घालून. दुकानात साठही घड्याळं पुन्हा चालू होती. घड्याळजींनी कॉम्प्युटर बाहेर आणून ठेवला होता आणि माउथ ऑर्गन कुठं दिसत नव्हता.

"ऐकव," चष्मेवाले म्हणाले.

घड्याळजींनी ती दुरुस्त केलेली पहिली ओळ ऐकवली. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"व्हायोलिन माझं. हा माउथ ऑर्गन कोण वाजवतोय?"

"मी."

"छे. कुणीतरी दुसराच माणूस आहे हा. टिपटॉप आहे, पण माझी ओळख नाही याच्याशी."

मग घड्याळजींना राहवलं नाही. खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं, रेघा, डोंगर, ठोके, मंद आच. शेवटी म्हणाले, "तीस वर्षं मी मागे राहतोय आणि तू थांबतोयस. एकदा बोलायचं तरी! सगळ्या रस्त्याला वेळ दाखवतो मी, भिंग्या. आज तू एकटाच वाजव. मी बटण दाबतो."

चष्मेवाले हसले नाहीत. पेटी उघडून व्हायोलिन जुळवू लागले.

"काट्या, माझ्याकडे माणूस येतो, त्याला खालची ओळ दिसत नाही. मी काय त्याला ओरडतो? नंबर काढतो आणि काच बसवतो. तुझा नंबर मी पहिल्याच रविवारी काढला होता. पाव सेकंद. तीस वर्षांत वाढला नाही, कमी झाला नाही. इतका सरळ नंबर मी दुसरा पाहिला नाही."

"पण सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तू वाजवणं सोडून मोजत बसला असतास. आणि मग ती चाल झाली असती का?" त्यांनी गज उचलला. "ते ओळीच्या शेवटी थांबणं मला आवडायला लागलं म्हणून तर ती संथ चाल बांधली. आता तो बाजा काढ. माझी दुपारची गाडी आहे, आणि ती माझ्यासाठी थांबायची नाही."

बाजा घड्याळजींच्या खिशातच होता. त्यांनी एकच मायक्रोफोन मध्ये ठेवला, एकही घड्याळ बंद केलं नाही, लाल बटण दाबलं आणि डोळे मिटले.  पहिल्या ओळीच्या शेवटी व्हायोलिन थांबलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा घड्याळजींना ते थांबणं ऐकू आलं, आणि डोळे भरून आले. त्या भरात ते पाव सेकंदाऐवजी अर्धा सेकंद मागे पडले. व्हायोलिनही तेवढं जास्त थांबलं. साठ घड्याळं आपापल्या परीनं टिकटिकत होती, काचेतलं उंच घड्याळ ठोके देत होतं, आणि मध्येच आतून बायकोच्या मशीनची एक लांबलचक शिवण पडली. ते रेकॉर्डिंग घड्याळजींनी एकाही डोंगराला हात न लावता मंडळावर ठेवलं. काळी चार यांनी लिहिलं, 'मागचा गोंगाट भयंकर आहे. तिसऱ्यांदा ऐकतोय.' गरम व्हॉल्व्ह त्यांच्याशी सहमत झाले.

चष्मेवाले गेल्यावर महिनाभरानं, एका रविवारी सकाळी, घड्याळजींनी न राहवून कॉम्प्युटर समोर घेतला आणि फोन लावला. हे अशक्य आहे, हे मंडळानं सांगितलेलं त्यांना पाठ होतं. पलीकडे मुलीच्या घरातली अनोळखी खिडकी दिसली आणि तिच्यापुढे व्हायोलिन घेतलेले चष्मेवाले.

"बघ हं, भिंग्या, आवाज उशिरा पोचतो म्हणतात. मंडळातल्या मोठमोठ्या लोकांनी नाद सोडलाय."

"वाजव तर."

घड्याळजींनी वाजवलं. व्हायोलिनचा सूर तिकडून यायला वेळ लागला, तो ऐकून ह्यांचा निघायला नेहमीचा वेळ लागला, आणि ह्यांचा तिकडे पोचायला आणखी वेळ लागला. ओळ संपली. पडद्यावर चष्मेवाल्यांचा गज शेवटच्या सुरावर हळूहळू सरकतच होता. सरकता सरकता त्यांनी मान तिरपी करून ऐकलं, जसं ते गिऱ्हाईक पाटीवरची अक्षरं वाचताना ऐकायचे.

"नंबर वाढलाय तुझा," ते म्हणाले. "हरकत नाही. काच बदलून देतो."

आणि पुढच्या ओळीच्या शेवटी ते पूर्ण एक सेकंद जास्त थांबले.